ईमेलचा शोध मुंबईत जन्मलेल्या मुलाने लावला हे खरं आहे का?

तुमच्या मुलीला ठाण्याच्या क्लासमध्ये 'ईमेल १९७८ साली शिवा अय्यादुराई यांनी शोधला' असं शिकवलं आणि प्रश्नमंजुषेसाठी काय पाठ करून घ्यावं, असा तुमचा प्रश्न आहे. रे टॉमलिन्सन, १९७१. महापेत मेल सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि ऑफिसात हा वाद सारखा निघतो, म्हणून नीट मांडतो.

टॉमलिन्सन अमेरिकेत बीबीएन या कंपनीत होते. त्यांच्याकडच्या पीडीपी-१० मशीनवर सेंडमेसेज नावाचा प्रोग्राम होता. एकाच मशीनवरच्या दुसऱ्या माणसाची मेलबॉक्स म्हणजे एक साधी फाइल. तिच्या शेवटी हा प्रोग्राम निरोप जोडायचा. पाठवणाऱ्याला त्या फाइलीत भर घालता येई, आतलं वाचता किंवा पुसता येत नसे. सीपीवायनेट हा त्यांचाच दुसरा प्रयोग अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकन संगणक-जाळ्यावरून, अख्खी फाइल दुसऱ्या मशीनवर न्यायचा, पण असलेल्या फाइलीला मजकूर जोडायची सोय त्यात नव्हती. त्यांनी ती सोय घातली, सीपीवायनेटचा कोड सेंडमेसेजमध्ये बसवला आणि झालं. पहिल्या निरोपाची दोन्ही मशीन्स एकाच खोलीत होती, पण निरोप गेला तो अर्पानेटवरूनच. नाव आणि मशीन वेगळं कळावं म्हणून मध्ये @ घातलं, कारण ते कुणाच्याच नावात येत नाही.

हे चिन्हही सगळीकडे सुखाने चाललं नाही. मल्टिक्स या प्रणालीवर @ दाबणं म्हणजे चालू ओळ पुसणं! पत्ता टाइप करता करता गायब. म्हणून १९७७ च्या आरएफसी ७३३ या नियमावलीत @ च्या जागी 'अॅट' असं अक्षरांत लिहायलाही परवानगी होती.

ही नियमावली जरा लक्षात ठेवा, वाद तिथेच संपतो. टू, सीसी, बीसीसी, सब्जेक्ट, रिप्लाय-टू हे सगळं तिच्यात आहे, नोव्हेंबर १९७७ मध्ये. जीमेलमध्ये कुठलाही ईमेल उघडून तीन टिंबांमधून 'शो ओरिजिनल' केलंत तर त्याच घराण्यातल्या ओळी आजही दिसतील. त्याआधी मार्च १९७६ मध्ये इंग्लंडच्या राणीनेसुद्धा अर्पानेटवरून ईमेल पाठवला होता. मग १९७८ चा शोध कसला?

'पण अय्यादुराईंकडे अमेरिकन सरकारचं प्रमाणपत्र आहे' हे मला हमखास ऐकवलं जातं. ते १९८२ चं कॉपीराइट आहे. कॉपीराइट लिहिलेल्या कोडला मिळतो, कल्पनेला नाही. हे आधी कुणी केलंय का, ते नोंदणी करताना तपासतच नाहीत. शोधाचा दाखला म्हणून तो कागद पुढे करणं चूक आहे, आणि क्लासवाल्यांनी तरी ते करू नये.

अय्यादुराईंनी काहीच केलं नाही असं मात्र मी म्हणत नाही. चौदाव्या वर्षी न्यू जर्सीतल्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी इनबॉक्स, आउटबॉक्स, फोल्डर, पत्त्यांची वही असलेली अंतर्गत टपालव्यवस्था फोरट्रान या संगणकभाषेत लिहिणं हे मोठं काम आहे. तसं सांगितलं तर माझी काही तक्रार नाही. आणि प्रश्नात 'एकाच संगणकावर' असे शब्द असतील तर उत्तर बदलतं: एमआयटी, १९६५, टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस.

मुंबईचा अभिमान हवा असेल तर जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेचं नाव घ्या. १९८६ मध्ये सुरू झालेल्या, देशातल्या शिक्षण-संशोधन संस्था जोडणाऱ्या अर्नेट प्रकल्पात तिथून पवईच्या आयआयटीशी फोनलाइनवरून ईमेल सुरू झाला. संस्थेचे तेव्हाचे प्रमुख श्रीनिवासन रमणी २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेले. तीच संस्था आता सी-डॅक मुंबई आहे आणि तिची एक शाखा खारघरला आहे. क्लासच्या सरांना सहल काढायची असेल तर ठाण्याहून तासाभराचा रस्ता आहे.