माणसाने मेंढी पाळायला सुरुवात केली ती लोकरीसाठीच का?

नाही, मेंढी आधी मांसासाठी पाळली गेली. लोकरीचा वापर त्यानंतर काही हजार वर्षांनी वाढला. आजच्या तुर्कस्तान-इराण पट्ट्यात मेंढी माणसाळली त्याला साधारण दहा हजार वर्षं झाली, पण तिचा रानटी पूर्वज असलेल्या मुफ्लॉनच्या अंगावर कातण्याजोगी लोकर नव्हतीच. वर राठ केस, त्याखाली आखूड मऊ थर, आणि तोही वसंतात आपोआप गळून जायचा. मुख्य पुरावा हाडांचा आहे. जुन्या वस्त्यांत बरेचसे नर कोवळ्या वयातच मारलेले दिसतात. लोकरीसाठी कळप राखणारा माणूस असं करणार नाही, कारण खच्ची केलेला मेंढा म्हातारा होईपर्यंत दरवर्षी लोकर देतो. पुढे निवड करत करत केस कमी आणि लोकर जास्त असलेली मेंढी तयार झाली. इ. स. पूर्व २१०० च्या आसपास सुमेरमधल्या (आजचा दक्षिण इराक) उर शहराच्या राजवटीत तर मजुरांना धान्यासोबत लोकरही वाटली जाई, आणि त्याचे हिशेब मातीच्या पाट्यांवर आजही वाचता येतात. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत विलक्षण भाग वाटतो. तेव्हा लोकर कातरत नसत, हाताने उपटत; कातरी लोहयुगात आली.

मात्र लोकरीची नेमकी सुरुवात कधी, यावर एकमत नाही, कारण लोकर जमिनीत कुजते. तुर्कस्तानातल्या चाताल्हुयुक या प्राचीन वस्तीतल्या सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या कापडाबद्दल ते लोकरीचं की जवसाच्या धाग्याचं असा वाद बरीच वर्षं चालला. शेवटी ते झाडाच्या अंतर्सालीचं निघालं.