आधी चाल

पुता,

परवा रात्री साडेबाराला तुझा व्हॉइस मेसेज आला. चार मिनिटांचा. त्यातली तीन मिनिटं पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो आणि मध्येच तुझा आवाज, "मामा, स्ट्रीट फायटरमध्ये सलग अकरा मॅच हरलो. एकाच झँगीफने." शेवटी प्रश्न: खेळायला केन सोडून दलसीम हे कॅरेक्टर घेतलं ते चुकलं का? परत केनकडे जाऊ, की मारिसा शिकायला घेऊ?

सकाळी दुकान उघडायच्या आधी तू पाठवलेल्या तीन मॅच बघायला बसलो. पाववाला पोदेर हॉर्न वाजवून निघूनही गेला, पाव घ्यायचे राहिले, आणि तुझ्या मामीने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. म्हणजे त्या झँगीफने तुझ्या अकरा मॅच खाल्ल्या आणि वर माझी न्याहारीही.

आता ऐक. तिन्ही मॅचमध्ये तू चाललेला नाहीस. हात ताणलेस, पाय ताणलेस, आग फेकलीस, गायब होऊन त्याच्या पाठीमागे उगवलास, उगवल्या उगवल्या उडी मारलीस. पण साधं एक पाऊल पुढे, जरा थांबून दोन पावलं मागे, असं एकदाही नाही. चालत होता तो झँगीफ. एवढा अवजड गडी, पण दर वेळी तुझा हात परत येईपर्यंत पाऊल पाऊल करत जवळ येत होता. केनच्या वेळीही तू चालत नव्हतास. कॅरेक्टर बदललास आणि ही खोड सोबत घेऊन आलास.

आधी चाल. एवढंच वाचून पत्र मिटलंस तरी मला राग नाही.

दलसीम तुला का भावला ते कळतं मला. त्याचे हात लांबवर जातात, म्हणजे अंतराची कटकट मिटली असं वाटलं तुला. उलट आहे रे. ज्याचे हात लांब त्यालाच अंतर सगळ्यात बारीक मोजावं लागतं. ताणलेला हातसुद्धा तुझंच अंग आहे, त्यावर कोणी मारलं तर तुलाच लागतं, आणि तो खांद्याशी परत येईपर्यंत तुला दुसरं काही करता येत नाही. त्यात दलसीमची पावलं संथ. केन उशिरा मागे सरला तरी निभावतं. दलसीमला संकट दिसायच्या आधी निघावं लागतं.

थोडा हिशेब करू. खेळ सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो. डोळ्याने बघून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद जातो, म्हणजे १५ फ्रेम. स्ट्रीट फायटर ६ मध्ये बहुतेकांची उडी ४५ फ्रेमची, तेव्हा ती दिसते. ड्राइव्ह इम्पॅक्ट, तो अंगावर येणारा जड फटका, २६ फ्रेमने येतो. लक्ष असेल तर तोही दिसतो. साधा थ्रो, म्हणजे पकडून फेकणं, ५ फ्रेममध्ये येतो. तो जगात कोणालाच दिसत नाही, तुला काय दिसणार? आणि झँगीफ जो गरगर फिरवून डोक्यावर आपटतो, तो डाव ब्लॉकही होत नाही आणि साध्या थ्रोसारखा सोडवूनही घेता येत नाही. मग काय करायचं? त्याचा हात जिथे पोचतो तिथे आपण असायचं नाही. त्यासाठी पाय लागतात. बोटं किती झरझर चालतात याचा काही संबंध नाही.

हे मला कोणी शिकवलेलं नाही. माझ्या डोक्यात ते एका मोडक्या मशीनने घातलं.

१९९३-९४ ची गोष्ट. म्हापशाच्या बाजारात एका गाळ्यात स्ट्रीट फायटर २ चं मशीन होतं. रुपया टाकायचा, जिंकेल तो राहील, हरेल तो बाजूला. शुक्रवारी आठवड्याचा बाजार, त्या दिवशी पेडण्याची, डिचोलीची पोरं यायची आणि मशीनभोवती उभं राहायला जागा नसायची. मी बारका, त्यामुळे उजवी बाजू कायम माझ्या वाट्याला. त्या बाजूची वरची तिन्ही बटणं मेलेली होती. पंचची. खालची तीन किकची तेवढी जिवंत. म्हणजे बघ: माझ्या केनला आदुगेन (फेकायचा आगीचा गोळा) नाही, शोर्युकेन (उसळून मारायचा ठोसा) नाही, दोन्हीला पंच लागतो. गिरकी घेऊन मारायची ती एक लाथ, बसून मारायच्या दोन किक, जवळ गेलो तर किकवर उलटून फेकता यायचं. बस्स.

पहिले दोन महिने रुपये गेले. आईच्या डब्यातले. मग काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. एका शुक्रवारी माझ्या लक्षात आलं की समोरचा उडाला की मी घाबरून स्टिक मागे ओढतो, आणि ओढली की तो माझ्या डोक्यावर न पडता माझ्या पुढ्यात पडतो. पुढ्यात पडलेल्या माणसाला बसून लांब किक मारली की तो आडवा. त्यानंतर मी मुद्दाम एका ठराविक जागी उभा राहायला लागलो. त्याच्या पायाच्या टोकापासून माझ्या पायाच्या टोकापर्यंत एक वीत हवेत सोडायची. तो किक मारतो, ती त्या विताएवढी कमी पडते, तो पाय मागे घेतोय तेवढ्यात मी अर्धं पाऊल पुढे, आणि माझी किक. परत मागे. त्या दिवशी एका रुपयात मी पाऊण तास खेळलो. गाळ्याच्या मालकाने शेवटी मशीनचा प्लग काढला आणि म्हणाला, घरी जा, तुझी आई शोधत असेल.

लहानपणी शेतात धिरयो, म्हणजे बैलांची झुंज, पाहिलेली. आता बंदी आहे, असावीच. पण त्यातलं एक चित्र जात नाही डोळ्यांपुढून. शिंगं भिडायच्या आधी दोन बैल एकमेकांकडे बघत पावलं टाकतात, ती. मराठीत "चाल" म्हणजे पावलांची चाल, पटावरची चाल आणि अभंगाचीही चाल. ज्याने भाषा घडवली तो शहाणा होता.

आता ज्या गोष्टीची मला लाज वाटते ती. एवढं शिकून मी ते विसरलो. २००० साली एका कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये टेकन ३ ची, म्हणजे अशाच दुसऱ्या मारामारीच्या गेमची, स्पर्धा होती. मी फायनलला पोचलो पॉल घेऊन, कंटाळवाणा, भक्कम खेळून. फायनलच्या आधी मागून पोरं ओरडायला लागली, एडी घे, एडी घे. एडी नाचतो ना, बघायला मजा. मी दोनच दिवस तो खेळलो होतो, नुसती किकची बटणं बडवत. घेतला. समोर सावंतवाडीचा एक अबोल मुलगा होता. त्याने माझा नाच संपायची वाट पाहिली. मागे सरायचा, माझी लाथ हवेत गेली की एक ठोसा. तीन राउंड, तीन पराभव. आणि तो जे करत होता ते माझंच होतं! म्हापशाच्या गाळ्यातलं, मेलेल्या बटणांचं. घरी येऊन सांगितलं की पॅड खराब होता. पुढची आठ वर्षं खेळलो नाही, आणि विचारणाऱ्याला नोकरीचं कारण देत आलो. पॅड चांगला होता, पुता.

म्हणून तू मारिसाचं नाव काढलंस तेव्हा माझं डोकं फिरलं. केन, मग जेमी, मग दोन आठवडे कॅमी, आता दलसीम, उद्या मारिसा. नवीन कॅरेक्टर शिकणं म्हणजे तुझ्या लेखी कॉम्बोचे, एकामागून एक जोडलेल्या फटक्यांचे, व्हिडिओ बघून पाठ करणं. अकरा ठोशांचा कॉम्बो पाठ आहे तुझा, पण त्यातला पहिला ठोसा लागतच नाही! तो लागायला माणूस योग्य जागी उभा हवा.

रँकचं रडगाणंही नको. रँक प्रत्येक कॅरेक्टरचा वेगळा असतो ते याचसाठी. केनचा प्लॅटिनम रँक कोणी पळवून नेत नाही. दलसीम खालच्या सिल्व्हरमध्ये पडला तर पडू दे, तिथे चालायला निवांत जागा मिळते.

तू म्हणशील, आणि मागे एकदा म्हणालाही होतास, की मामा स्वतः डायमंड रँकमध्ये अडकलाय आणि मला शिकवतो. अडकलोय. दिवसभर सोल्डरिंग करून खांदा दुखतो, रात्री दहानंतर वीज जाते, वय झालं. हे लिहिलं आणि हसू आलं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्ट्रीट फायटर ५ चं सुवर्ण दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू ने घेतलं, तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. आपले मयंक प्रजापती आणि अयान बिस्वासही त्या स्पर्धेत उतरले होते. तेव्हा वयाचं सोड. मी अडकलोय कारण उडी मारणाऱ्याला वरच्या वर मारायला मी अजून कचरतो, मागेच सरतो. लोक म्हणतात मामाचा खेळ म्हणजे संध्याकाळचा फेरफटका. म्हणू दे. माझ्याकडून ज्याला जिंकायचंय त्याला माझ्यापर्यंत चालत यावं लागतं, आणि फार थोड्यांना ते येतं. हट्ट म्हण हवं तर.

पण मागे सरणं फुकट नसतं, हे माझ्या अनुभवातून घे. दर पावलाला कोपरा जवळ येतो. कोपऱ्यात दलसीम म्हणजे विहिरीत पडलेलं मांजर. म्हणून जितकं मागे गेलास तितकं कधीतरी पुढे यायलाच हवं, आणि पुढे येण्याची वेळ तो हात मागे घेत असतानाची. स्टिक मागे दाबली की चालणंही होतं आणि मार आला तर ब्लॉकही होतो. पुढे दाबलीस की ब्लॉक सुटतो. त्या धोक्याची भीती वाटते म्हणूनच तू गायब होऊन पाठीमागे उगवतोस. बरोबर ना?

तर काय करायचं. ट्रेनिंग मोडमध्ये जा, जमिनीवर चौकटी आखलेल्या आहेत तोच हॉल घे. समोर झँगीफ ठेव, त्याचा तो आपटायचा डाव रेकॉर्ड कर आणि पुन्हा पुन्हा करायला लाव. तू काहीही मारू नकोस. फक्त आत जा, बाहेर ये. कुठल्या चौकटीपासून तो पकडतो आणि कुठून हवा पकडतो ते बघ. दहा मिनिटं. मग त्याची उडी रेकॉर्ड कर, त्याची लांब लाथ रेकॉर्ड कर, तिन्ही मिसळून लाव. कंटाळा येईल. येऊ दे. या सगळ्यात नजर स्वतःच्या दलसीमवर ठेवू नकोस. तू कुठे आहेस ते तुझ्या बोटांना माहीत आहे. नजर झँगीफवर. तू तिन्ही मॅचमध्ये स्वतःकडे बघत होतास, नाहीतर डोळ्यांसमोर पाऊण सेकंद चाललेली उडी चुकली नसती. आणि पाच गोष्टींची एकदम वाट बघू नकोस. पाचांची वाट बघणाऱ्याला एकही दिसत नाही. आज फक्त उडी. उद्या फक्त ड्राइव्ह इम्पॅक्ट.

मग मॅचमध्ये दलसीमचा एक लांब हात, एक खालची किक, उडणाऱ्याला मारायचं एक बटण आणि थ्रो. चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, यापलीकडे काही नाही. गणपतीवरची माटोळी बांधून झाली की कॉम्बोचं बोलू.

पॅडऐवजी ती बटणांची पेटी घेऊ नकोस. दुरुस्तीचं दुकान माझं आहे, ती मागवून दिली तर चार पैसे मलाच सुटतील, तरी सांगतो. तुझा पॅड ठीक आहे, मी उघडून पाहिलाय. वायफायवर मात्र खेळू नकोस, केबल लाव. आणि गोव्यात कोणी खेळायला नाही हे परत म्हणालास तर फोन उचलणार नाही. पाकिस्तानच्या अर्सलान ॲशने २०१९ मध्ये टेकन ७ ची जपानमधली एव्हो, ही या गेमांची मोठी स्पर्धा, जिंकली आणि त्याच वर्षी लास व्हेगसचीही. तो लाहोरमध्ये आपल्या गावच्या पोरांबरोबर खेळून तयार झालेला. तुला एक मामा आहे, आणि फोंड्याहून म्हापशाला कदंबाची बस जाते.

रविवारी ये. सकाळची गाडी धर, भाजी-पाव मी आणून ठेवतो, या वेळी विसरणार नाही. दहा मॅच खेळू. मी झँगीफ घेईन. मला तो नीट येत नाही, पण चालता येतो. सेटिंगमध्ये जाऊन तुझ्या बाजूची पंचची तिन्ही बटणं मी आधीच बंद करून ठेवीन. रडायचं नाही.

येताना तुझी केबल घेऊन ये. माझी उंदराने कुरतडली आहे.

मामा