पिंग्विक्युला घेतलंयस? मग पाणी जरा जपून

मस्त झाड घेतलंस, पिंग्विक्युला म्हणजे स्नेक प्लांटचाच (सॅन्सेव्हिएरिया) एक प्रकार, पण हे साध्या स्नेक प्लांटसारखं उंच होत नाही, मूळ केनियाच्या कोरड्या भागातलं, जाड पानांचा छोटा गुच्छ होतो आणि पिल्लं जमिनीखालून न येता मातीच्या वरून फुटवा काढून येतात, मग त्यांची मुळं खाली मातीत उतरतात, म्हणून याला चालणारं झाड म्हणतात. वाढ मात्र खूप स्लो, तेव्हा घाई नको.

मुंबईत खरा प्रॉब्लेम जून ते सप्टेंबर. हवाच इतकी दमट असते की कुंडीतली माती सुकतच नाही, आणि वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते. काडी खोलवर घालून बघ, ओली आली तर पाणी नाहीच द्यायचं. पावसाळ्यात महिनाभर पाणी नाही दिलं तरी काही होत नाही, पाणी पानांत साठलेलं असतं. नर्सरीची लाल माती आणि कोकोपीट आधी काढून टाक प्लीज, त्याऐवजी पर्लाइट (पांढरे हलके खडे), विटेचे बारीक तुकडे, जाड रेती असं निम्म्याहून जास्त घे, कुंडी मातीचीच आणि लहान.

ग्रिलमध्ये ठेवलंस तर वर पत्रा हवा, नाहीतर पाऊस थेट गुच्छात साचून मधूनच कुजतं. खिडकीच्या आत सकाळचं ऊन मिळालं तर बेस्ट, अंधाऱ्या कोपऱ्यात जगेल पण पानं लांबुळकी होऊन आकारच जाईल. आणि टोकं चांगलीच टोचतात, घरात लहान मूल असेल तर वरच ठेव. पिल्लू लगेच कापू नको, त्याची स्वतःची मुळं मातीत धरू देत आधी.