व्याख्यान अर्धा तास, खोली एक तास

धाकट्या भावाच्या आत्महत्येला आठ महिने झाले, आता महाविद्यालयांतून मानसिक आरोग्याविषयी बोलावेसे वाटते, सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. माझा थोरला भाऊ 2011 साली असाच गेला आणि गेली दहा वर्षे मी हे काम करीत आहे.

वर्षश्राद्ध होईपर्यंत तरी व्यासपीठावर जाऊ नका. मी चौथ्याच महिन्यात एका शाळेत बोलायला उभी राहिले, मध्येच आवाज बसला आणि समोरची मुलेच मला पाणी आणून देऊ लागली. आईची संमतीही घ्या, कारण ही हकिकत तिचीही आहे. माझ्या आईने ‘फोटो दाखवायचा नाही’ या अटीवर होकार दिला.

भाऊ कसा गेला, हे कधीही सांगू नका. पद्धतीच्या वर्णनाने अनुकरणाचा धोका वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांनाही ते टाळायला सांगते. श्रोते विचारतातच, मी त्याऐवजी आधीचे सहा महिने सांगते: त्याची झोप उडाली, मित्रांचे फोन घेणे त्याने बंद केले, जिवापाड जपलेली मोटारसायकल सहज देऊन टाकली, आणि आम्ही घरचे मात्र ‘आळशी झालाय’ म्हणत राहिलो.

कायद्याची माहिती अवश्य द्या. पोलिसांच्या भीतीने अनेक घरे आत्महत्येचा प्रयत्न ‘अपघात’ म्हणून दडवतात आणि उपचार तिथेच खुंटतात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध झाले नाही तर, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा केली जात नाही. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा विनामूल्य क्रमांक फळ्यावर लिहा आणि शेवटी पुसू देऊ नका.

खरे काम भाषणानंतर सुरू होते. एकदा चटया गुंडाळल्या जात असताना एक मुलगा पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडत-लावत रेंगाळला आणि म्हणाला, “मॅडम, तुमच्या भावाने आधी कुणाला सांगितलं होतं का?” तो स्वतःविषयी विचारत होता, हे उमगायला मला दोन मिनिटे लागली. शेवटची एसटी गेली, पण त्याच्या मामाला बोलावून घेईपर्यंत मी तिथेच बसले. म्हणून संयोजकांकडे भाषणाला अर्धाच तास मागा. त्यानंतर तासभर एक रिकामी खोली आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील समुपदेशक मिळणार असेल, तरच तारीख द्या.