हरकतीचे 15 दिवस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

दोन्हीकडून होकार आला हे वाचून फार आनंद झाला. एकीकडे राज्य सरकारच्या जमीन-नोंदींचे सॉफ्टवेअर सांभाळणारी कंपनी आणि दुसरीकडे लष्करासाठी मानवरहित विमाने बनवणारा स्टार्टअप. पहिल्या कामाला तू ‘फॉर्म आणि सर्व्हर डाऊन’ म्हणतेस, दुसऱ्याला ‘खरे तंत्रज्ञान’. ही वाटणी मला पटत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो: दोन-तीन वर्षे जमिनीच्या नोंदींचे काम कर आणि मग लष्कराकडे जा. असे का म्हणतो ते सविस्तर लिहितो, कारण तुझ्या वयात हे मला कुणीतरी सांगायला हवे होते असे फार वाटते.

हाताने लिहिलेला सातबारा तू बहुधा पाहिलेला नसशील. एकाच पानावर तीन-तीन तलाठ्यांची अक्षरे, वेगवेगळ्या शाया, कडेला फेरफाराचे, म्हणजे मालकी-हक्कातल्या बदलाच्या नोंदींचे नंबर. जमीन विकली गेली किंवा वारस लागले की जुन्या नावाला कंस करायचा आणि नवे नाव खाली लिहायचे, अशी रीत. तलाठ्याला तो कंस लांबूनही कळायचा. टाइप करायला बसवलेल्या मुलाला तो कळेलच असे नव्हते. मग कंस झालेली नावे पुन्हा जिवंत झाली, जिवंत माणसांची नावे गळाली, ‘इतर हक्क’ या रकान्यातला कर्जाचा बोजा उतरवूनही तसाच राहिला. गुंठा आणि आर लोक बोलताना एकच धरतात. पण 1 गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर आणि 1 आर म्हणजे 100. तो फरक कुणी सोडून दिला की खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळत नाही.

आता यातली गंभीर गोष्ट बघ. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली, म्हणजे सातबारा-फेरफारातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे टाइप करताना झालेली चूक संगणकात बसली की कायदाही तिच्या बाजूने उभा राहतो आणि ती खोटी आहे हे दाखवण्याचा भार शेतकऱ्यावर येतो. सोसायटीचे कर्ज, पीकविमा, भूसंपादनाचा मोबदला, भावाभावांतला दावा, सगळे त्या एका ओळीवर अडते.

कागदाच्या काळातल्या माणसांना हा धोका ठाऊक होता. म्हणून फेरफाराची नोंद घातली की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात, आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर तक्रार-नोंद, सुनावणी, अपील. लेखनप्रमाद असेल तर कलम 155 खाली दुरुस्ती. ही व्यवस्था हळू आहे, तिच्यात चिरीमिरीही शिरते, हे खरेच. पण चूक होणार हे धरून ती रचलेली आहे. संगणकीकरणाच्या वेळीही शेवटी कामाला आले ते हेच शहाणपण. 2017 मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले: संगणकातला सातबारा गावात मोठ्याने वाचायचा, लोकांनी चूक दाखवायची, तलाठ्याने लिहून घ्यायची. एवढ्या मोठ्या माहितीसाठ्याची तपासणी गावच्या पारावर झाली आणि त्याहून चांगली तपासणी मला आजही सुचत नाही.

तेव्हा कुठलेही सरकारी तंत्र समोर आले की मी सगळ्यात आधी हरकतीची जागा शोधतो. यंत्र चुकले तर ‘हे चुकले’ असे कोण म्हणू शकतो, कुणाकडे, किती दिवसांत, आणि दुरुस्तीवर सही कुणाची? वेग, अचूकता, डॅशबोर्ड हे सगळे नंतर.

ई-पीक पाहणी बघ. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून पिकाचा फोटो काढून नोंद करू लागला. पूर्वी ही पाहणी तलाठ्याच्या हाती होती. पुढच्या वर्षीच्या सुधारित आवृत्तीत एक छोटी सोय आली: नोंद केल्यापासून 48 तासांत शेतकऱ्याला ती एकदा स्वतः दुरुस्त करता येते. कापसाच्या जागी सोयाबीन निवडले गेले तर तालुक्याला खेटे घालायला नकोत. सगळ्या ॲपमध्ये मला ती सोय सर्वांत मोलाची वाटते, कारण ती ज्याने सुचवली त्याने बांधावर उभे राहून फोन वापरणारा माणूस पाहिलेला असणार.

ड्रोनचेही तसेच. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाणाची ड्रोनने मोजणी करून पाहिली गेली, आणि 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राने गावठाणातल्या घरांच्या मालकीची नोंद करणारी स्वामित्व योजना जाहीर केली. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन उडण्याआधी गावकरी आणि भूमी अभिलेखचे कर्मचारी मिळून चुन्याने हद्दी आखतात. वरून छप्पर दिसते. त्या छपराखाली दोन भावांची वाटणी कुठे झाली, ओटा कुणाचा, बोळातून जाण्याचा हक्क कुणाला, हे वरून दिसत नाही. म्हणून नकाशा तयार झाल्यावर चौकशी होते, हरकती ऐकल्या जातात आणि मगच सनद मिळते. मोजणी यंत्र करते. हक्क ठरवायला माणसे लागतात.

आधारविषयी थोडक्यात. देशातले पहिले आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. ज्यांच्यासाठी ते आणले त्यांपैकी कित्येकांची बोटे मातीकामाने, ऊसतोडीने घासलेली असतात आणि रेशन दुकानाच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही. तेव्हा बुबुळे, ओटीपी किंवा नोंदवहीतली सही हा दुसरा मार्ग दुकानदार खरोखर वापरतो का, यावर त्या घरची चूल अवलंबून असते. शंभरातल्या नव्व्याण्णवांचे काम झाले म्हणून सादरीकरणात टाळ्या पडतात. तू उरलेल्या एकाचे काय झाले ते विचारत जा.

आता लष्कराकडे येतो. इथे हीच गोष्ट जीवनमरणाची होते.

27 फेब्रुवारी 2019 ची सकाळ. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी काश्मीरच्या आकाशात विमानांची चकमक चालू होती. श्रीनगरहून उडालेले हवाई दलाचे एमआय-17 हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळले. हवाई दलाचे 6 जण गेले, खाली जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. चौकशीत निष्पन्न झाले की ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. आपले की परके हे सांगणारी यंत्रणा बंद होती, जमिनीवरच्या आणि हेलिकॉप्टरमधल्या माणसांत समन्वय राहिला नव्हता. ऑक्टोबर 2019 मध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. त्यांचे ते बोलणे मला फार महत्त्वाचे वाटते. युद्धाच्या वातावरणात अशी कबुली देणे सोपे नसते, आणि ती दिली नाही तर पुढची यंत्रणा कशावर सुधारायची?

रडार अप्रतिम होते, क्षेपणास्त्र अचूक होते. कमी पडली ती मधली जोडणी, आणि ‘थांबा, हे आपले आहे’ असा आवाज योग्य जागी योग्य क्षणी पोहोचणे. लष्कराची आकाशतीर ही यंत्रणा नेमकी या जोडणीसाठी आहे. मार्च 2023 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सला तिचे सुमारे 1,982 कोटींचे काम मिळाले. वेगवेगळ्या रडारांनी पाहिलेले आकाश एकत्र करून खालच्या तुकडीपर्यंत तेच एक चित्र पोहोचवायचे, हवाई दलाच्या जाळ्याशी ते जोडायचे, म्हणजे शत्रूवर वेळेत मारा होतो आणि आपले विमान वाचते. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत सीमेपलीकडून ड्रोन मोठ्या संख्येने येऊ लागले तेव्हा ही यंत्रणा कामात होती. तोंडी निरोप, फोन, हाताने नकाशावर खुणा, या पद्धतीने तेवढ्या ड्रोनचा हिशेब ठेवणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. तंत्रज्ञानाची गरज मी कुठेही नाकारत नाही हे लक्षात घे.

तुझ्या आवडीच्या क्षेत्रातलेही उदाहरण देतो. नागपूरच्या सोलार समूहाने बनवलेले नागास्त्र-1 हे लक्ष्यावर घिरट्या घालून मग त्यावर झेपावणारे छोटे अस्त्र. 2024 मध्ये त्याची पहिली खेप लष्कराला मिळाली. बातम्यांत त्याचा पल्ला आणि अचूकता यांवर भर होता. मला त्यातली दुसरीच गोष्ट भावली: लक्ष्य सापडले नाही किंवा हल्ला रद्द झाला तर ते मागे बोलावता येते आणि पॅराशूटने उतरवून पुन्हा वापरता येते. झाडलेली गोळी परत येत नाही, तोफगोळा परत येत नाही. इथे शेवटच्या टप्प्यापर्यंत माणसाला ‘नको’ म्हणता येते. ती सोय करताना वजन वाढले असेल, खर्च वाढला असेल, आणि कुणीतरी बैठकीत ‘याची गरज काय’ असे विचारलेही असेल. तुझ्यावर ही वेळ येईल तेव्हा त्या सोयीच्या बाजूने तू ठाम उभी राहा.

मग आधी जमिनीच्या नोंदी कशाला? कारण तिथे तुझी चूक दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन उभी राहते. हातात पिशवी, पिशवीत जुने उतारे, आणि तोंडात ‘मॅडम, माझं नाव कुठं गेलं?’ हा प्रश्न. लष्करी कामात ही भेट होत नाही. तुझी यंत्रणा वापरणारा जवान लेहच्या पुढे कुठेतरी असेल. विरळ हवेत ड्रोनला उचल कमी मिळते, थंडीत बॅटरी लवकर उतरते, पडद्यावरची बटणे जाड हातमोज्यांनी दाबली जात नाहीत. हे तो तुला फोन करून सांगू शकणार नाही. त्याची तक्रार हुद्द्यांच्या पायऱ्या चढत, गोपनीयतेच्या गाळण्यांतून, दोन ओळींची होऊन महिन्यांनी पोहोचेल. माहितीचा अधिकार तिथे फारसा पोहोचत नाही, वर्तमानपत्र पोहोचत नाही, आणि बऱ्याच बाबतीत ते योग्यही आहे. म्हणून न आलेली हरकत आधीच ऐकण्याची सवय तुझ्यात मुरलेली हवी. ही सवय तालुक्याला लागते. पुस्तकातून ती आलेली मी पाहिली नाही.

शिवाय सरकार कसे विकत घेते हेही तिथे कळेल. सर्वांत कमी दराची निविदा, म्हणजे सगळे ज्याला एल-1 म्हणतात ती, यंत्र घेते. पण चुका निस्तरायला लागणारी माणसे त्या दरात धरलेली नसतात. कंपनीत पहिल्याच आठवड्यात विचार: करार संपल्यावर दुरुस्ती कोण करणार? स्टार्टअपलाही एक विचार: उड्डाण नियंत्रकाचा आणि रेडिओचा कोड आपल्या हातात आहे का? फेब्रुवारी 2022 मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांवर नाही. वर तिरंगा चिकटवलेल्या यंत्राच्या आत दुसऱ्याचे बंद डबे असतील तर त्यातली चूक तुला दिसणारही नाही, मग सुधारणार कशी? उत्तर देताना चाचरले तर समजून घे. आयडेक्स या संरक्षण खात्याच्या स्टार्टअपसाठीच्या योजनेतून पैसे मिळाले, चाचण्यांना बोलावले, एवढ्यावर भुलू नकोस.

आणि यंत्रणा पूर्ण बंद पडली तर काय, हेही. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतचे काम कित्येक दिवस कागदावर करावे लागले. ज्यांना कागदावर काम करता येत होते त्यांनी ते रुग्णालय चालू ठेवले. तुझ्या यंत्रणेसाठीही असा दिवस मुद्दाम ठरवून घडवून आण: सर्व्हर बंद करून कार्यालय चालते का ते बघ.

घरी आई-बाबांना हे पत्र वाचायला दे. लष्कराचे काम मोठे आणि तलाठ्याचे छोटे असे त्यांच्या मनात असेल तर मी फोनवर बोलेन.

जमीन-नोंदींचे काम घेतलेस तर रुजू होण्याआधी तुझ्या आजोळच्या गटाचा सातबारा काढ. डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. त्यावरचे फेरफार नंबर उतरवून घे आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून ते एकेक करून मागे वाचत जा. फार मागे गेलीस की नोंदी मोडीत लागतील. मोडी उत्तम वाचणारे एक निवृत्त गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत, सदाशिव पेठेत राहतात, रविवारी सकाळी मोकळे असतात. तुझा होकार कळला की त्यांना तुझ्याबद्दल सांगून ठेवतो. वही-पेन्सिल घेऊन जा. जुन्या कागदाजवळ ते शाईचे पेन चालू देत नाहीत.

तुझे,
सर