शून्य पगाराचा रिटर्न आणि ग्रीन कार्ड

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. २०११ मध्ये एच-१बी वर आलो, तेव्हापासून सलग नोकरी आहे. २०२१ मध्ये मला आणि पत्नीला ग्रीन कार्ड मिळालं. एका सहकाऱ्याबरोबर मी एका सेमिनारला गेलो. खासगी नोकरदाराचा पगार हे कायद्याने ‘उत्पन्न’ नाही, कर भरणं ऐच्छिक आहे आणि सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन योजना) हा करार असल्याने तो मोडता येतो, असं तिथे सांगितलं. त्यांच्या पद्धतीने आम्ही २०२४ चा जॉइंट रिटर्न शून्य पगार दाखवून भरला आणि कापलेले सगळे ३१,००० डॉलर परत मागितले. जानेवारी २०२५ पासून कंपनीत कर-कपातीच्या डब्ल्यू-४ फॉर्मवर ‘एक्झेम्प्ट’ (कपातीतून मुक्त) लिहून दिलं. सोशल सिक्युरिटी नंबर रद्द करा, असं प्रतिज्ञापत्रही पाठवलं. आता आयआरएसचं (अमेरिकेच्या आयकर खात्याचं) ३१७६-सी हे पत्र आलं आहे. सेमिनारवाल्यांनी उत्तराचा मसुदा दिला आहे, तो पाठवू का? यंदा नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. पुढे निवृत्तीनंतर पुण्याला परतायचा विचार आहे, मग सोशल सिक्युरिटीतून बाहेर पडता येणारच नाही का?

उत्तर : तो मसुदा पाठवू नका. त्यातली ‘तुम्ही ठरावीक दिवसांत खंडन केलं नाही, तर आमचं म्हणणं मान्य आहे असं समजू’ या धर्तीची वाक्यं आयआरएसला बांधत नाहीत. सरकारी खात्याच्या मौनातून करमाफी निर्माण होत नाही. उलट असं प्रत्येक पत्र तुमच्या फाइलमध्ये तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून जमा होतं.

३१७६-सी पत्राचा अर्थ असा, की तुमचा रिटर्न आयआरएसने ‘फ्रिव्होलस’, म्हणजे कायद्याचा कसलाच आधार नसलेला ठरवला आहे. कर संहितेच्या कलम ६७०२ खाली अशा रिटर्नला ५,००० डॉलर दंड आहे आणि जॉइंट रिटर्नवर दोघांच्या सह्या असल्याने तो दोघांवर वेगवेगळा लागू शकतो. पण हेच पत्र तुम्हाला ३० दिवसांची संधीही देतं. त्या मुदतीत योग्य रिटर्न पाठवला तर हा दंड लागत नाही. दिवस पत्रावरच्या तारखेपासून मोजा. तुमच्या हातात पत्र कधी पडलं, हे इथे उपयोगाचं नाही.

आता २०२४ आणि २०२५ ही दोन वर्षं वेगळी करा, कारण दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

२०२४ मध्ये कंपनीने तुमचा कर नेहमीप्रमाणे कापला होता, म्हणजे पैसे सरकारकडे आधीच पोचले आहेत. तुम्ही फॉर्म ४८५२ जोडून पगार शून्य दाखवलात. तो फॉर्म कंपनीने डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला) दिलाच नाही किंवा चुकीचा दिला, अशा माणसासाठी असतो. बरोबर डब्ल्यू-२ हातात असताना तो शून्याने भरणं म्हणजे शपथेवर खोटं विधान करणं. खऱ्या डब्ल्यू-२ वरून १०४० हा रिटर्नचा फॉर्म पुन्हा भरा, दोघांनी शाईने सह्या करा, ३१७६-सी ची प्रत वर लावा आणि पत्रात दिलेल्या पत्त्यावरच सर्टिफाइड मेलने पोचपावतीसह पाठवा. हा रिटर्न ई-फाइल करू नका. सहीजवळ ‘अंडर प्रोटेस्ट’ (निषेध नोंदवून) किंवा ‘विदाउट प्रेज्युडिस’ (हक्क राखून) असं एक अक्षरही लिहू नका. त्या छापील शपथेत फेरफार केला की कायद्याच्या नजरेत तो रिटर्नच राहत नाही. कर आधीच कापलेला असल्याने या वर्षी तुमच्याकडून फारसं काही निघणार नाही, कदाचित थोडा खरा रिफंडही निघेल. हेच आकडे न्यू जर्सी राज्याच्या रिटर्नमध्ये दिले असतील, तर तोही सुधारून भरा.

३० दिवसांची मुदत हुकली, तरी रिटर्न पाठवाच. दंड लागला तर सगळे रिटर्न भरून झाल्यावर फॉर्म १४४०२ ने तो ५०० डॉलरपर्यंत कमी करून मागता येतो. ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते.

खरं भगदाड २०२५ मध्ये पडलं आहे. डब्ल्यू-४ वर ‘एक्झेम्प्ट’ लिहायला दोन अटी आहेत : मागच्या वर्षी तुमच्यावर आयकराचं देणं शून्य होतं आणि या वर्षीही ते शून्य राहील अशी तुमची अपेक्षा आहे. तुम्ही दोन्हींत बसत नाही. आधाराशिवाय असं लिहिल्यास ५०० डॉलर दिवाणी दंड आहे. जाणूनबुजून लिहिल्याचं सिद्ध झालं तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. तेव्हा आजच पेरोलला नवा, खरा डब्ल्यू-४ द्या. आयआरएसने आधी कंपनीला ‘लॉक-इन’ पत्र पाठवलं, तर कपातीचा दर आयआरएस ठरवते आणि त्यांच्या परवानगीशिवाय तो कमी करता येत नाही. शिवाय तुमचं प्रकरण एचआरच्या टेबलावर पोचतं, ते वेगळंच.

२०२५ चा रिटर्न १५ एप्रिलपर्यंत भरा, हाताशी पूर्ण पैसे नसले तरी. रिटर्न न भरण्याचा दंड बाकी कराच्या दरमहा ५ टक्के, २५ टक्क्यांपर्यंत चढतो. भरून पैसे थकले तर दंड दरमहा अर्धा टक्काच असतो. वर्षभर कपात न झाल्याचा आगाऊ कराचा दंड आणि व्याज लागेल, ते टळणार नाही. एकूण देणं ५०,००० डॉलरच्या आत असेल तर आयआरएसच्या संकेतस्थळावर दीर्घ मुदतीचे मासिक हप्ते बांधून घेता येतात. हप्त्यांची ती लेखी मंजुरी जपून ठेवा, पुढे नागरिकत्वाच्या वेळी लागेल.

तुमच्या लक्षात आलं असेल, ‘एक्झेम्प्ट’ लिहूनही पगारातून ७.६५ टक्के जातच राहिले. डब्ल्यू-४ फक्त आयकराच्या कपातीसाठी असतो. सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) १.४५ टक्के त्याच्या कक्षेतच येत नाहीत.

सेमिनारमधले मुद्दे थोडक्यात घेतो, कारण न्यायालयांनी ते दशकानुदशके फेटाळले आहेत. ‘ऐच्छिक’ हा शब्द सर्वोच्च न्यायालयाच्या १९६० च्या फ्लोरा निकालातून उचलला आहे. तिथे त्याचा अर्थ एवढाच, की करदाता आपला हिशेब आधी आपण मांडतो, सरकार तो मांडून देत नाही. रिटर्न भरण्याचं बंधन कलम ६०१२ मध्ये सरळ लिहिलेलं आहे. ‘एम्प्लॉयी’च्या व्याख्येत सरकारी नोकरांचा उल्लेख आहे म्हणून खासगी नोकर सुटले, हा मुद्दा ‘समाविष्ट’ या शब्दावर उभा आहे. कलम ७७०१ सांगतं, की ‘समाविष्ट’ म्हटल्याने व्याख्येत एरवी बसणारं काहीही वगळलं जात नाही. चीक नावाच्या वैमानिकाचा १९९१ चा निकाल सेमिनारवाले मोठ्या अभिमानाने दाखवतात. कायदा आपल्याला लागूच नाही, असा प्रामाणिक गैरसमज असेल तर हेतुपुरस्सर गुन्हा सिद्ध होत नाही, असं त्यात म्हटलं आहे हे खरं. पण कर त्यांना तरीही द्यावा लागतच होता आणि फेरसुनावणीत ते पुन्हा दोषी ठरले. शिवाय ३१७६-सी हातात पडल्यानंतर ‘मला माहीत नव्हतं’ हे तुम्ही कोणाला पटवून देणार?

काही जणांच्या रिफंड चेकचे फोटो तिथे दाखवले असतील. ते फोटो खरे असू शकतात. आयआरएसची यंत्रणा काही वेळा आधी पैसे सोडते आणि डब्ल्यू-२ शी मेळ नंतर घालते. मेळ बसला नाही की रक्कम व्याजासह परत मागितली जाते, अवाजवी मागितलेल्या आयकराच्या रिफंडावर २० टक्के दंडाची वेगळी तरतूद आहे, आणि तो दुसरा फोटो कोणी भिंतीवर लावत नाही.

आता ग्रीन कार्डकडे येऊ, कारण तुमच्या प्रकरणात मला सर्वांत जास्त चिंता त्याचीच आहे. ही कागदपत्रं अमेरिकेत जन्मलेल्या माणसांनी आपल्यासाठी तयार केली आहेत. त्यांना देशाबाहेर काढता येत नाही, तुम्हाला काढता येतं. पाठवलेलं प्रतिज्ञापत्र बाहेर काढा आणि त्यात ‘नॉन-रेसिडेंट एलियन’ (अनिवासी परदेशी) हे शब्द आहेत का पाहा. अशा मसुद्यांत ते हमखास असतात. इमिग्रेशनचे नियम सांगतात, की कायम रहिवाशाने करातून सूट मिळवायला स्वतःला नॉन-रेसिडेंट म्हणवलं, किंवा त्या समजुतीने रिटर्न भरला नाही, तर त्याने कायम रहिवासाचा हक्क सोडला असं गृहीत धरता येतं. ते गृहीतक खोडता येतं, पण खोडण्याचा भार तुमच्यावर असतो. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात याच विषयाचा थेट प्रश्न आहे. थकीत करांचाही आहे.

म्हणून एन-४०० आत्ता भरू नका. आधी दोन्ही वर्षांचे खरे रिटर्न जाऊ द्या. प्रतिज्ञापत्र बिनशर्त मागे घेतल्याचं चार ओळींचं पत्र ते ज्या ज्या कार्यालयांना गेलं तिथे पाठवा आणि पोचपावत्या ठेवा. देणं भरा किंवा हप्ते मंजूर करून घ्या. मग आयआरएसच्या ऑनलाइन खात्यातून पाच वर्षांचे ट्रान्सस्क्रिप्ट (कर-नोंदींचे उतारे) काढा आणि त्यावर सगळं नोंदलं गेल्यावरच अर्जाचं बघा. अर्जातल्या प्रश्नांना खरं उत्तर आणि सोबत खुलासा द्या. दडवलेलं उत्तर मूळ चुकीपेक्षा महाग पडतं, आणि नागरिकत्व मिळाल्यावरही ते उकरून काढलं जाऊ शकतं.

फौजदारी बाजूही सांगायला हवी. कावाशिमा प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की खोटा कर रिटर्न भरल्याबद्दल शिक्षा झाली आणि सरकारचं नुकसान १०,००० डॉलरहून जास्त असेल, तर तो हद्दपारीस पात्र ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’ (गंभीर गुन्हा) ठरतो. ते जपानी दाम्पत्य कॅलिफोर्नियात उपाहारगृहं चालवत होतं आणि कायम रहिवासी होतं. तुमच्यावर खटला नाही, आणि आत्ता सरळ दुरुस्ती केली तर तो होण्याची शक्यता बरीच घटते. पण मागितलेला आकडा ३१,००० चा आहे, हे विसरू नका. त्यामुळे सीएकडे जाण्याआधी कर-फौजदारी बाजू सांभाळणाऱ्या वकिलाकडे जा. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं, सीएबरोबरच्या बोलण्याला फौजदारी प्रकरणात ते संरक्षण नाही. हिशेबनीस लागलाच तर तो वकिलामार्फत नेमला जाऊ द्या. सेमिनारवाल्यांशी या विषयावर ईमेल किंवा व्हॉट्सॲप बंद करा, जुने संदेश मात्र पुसू नका. त्यांच्या संचात एखाद्या अधिकाऱ्याच्या मालमत्तेवर बोजा नोंदवण्याचा कागद असेल तर त्याला हातही लावू नका. केंद्रीय अधिकाऱ्यावर खोटा बोजा चढवण्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आता सोशल सिक्युरिटी. हा कर नंबरावर लागत नाही, पगारावर लागतो. नंबर परत करण्याची सोय असती तरी कपात चालूच राहिली असती. तो करारही नाही. १९६० च्या फ्लेमिंग विरुद्ध नेस्टर या निकालात एका बल्गेरियन स्थलांतरिताचं, वर्षानुवर्षं वर्गणी भरलेल्या माणसाचं पेन्शन हद्दपारीमुळे थांबवलेलं न्यायालयाने योग्य ठरवलं, कारण त्यावर कराराचा किंवा मालमत्तेचा हक्क नाही. तुम्ही लाभ नाकारू शकता, त्यासाठी अर्जच करायचा नाही. वर्गणी नाकारता येत नाही.

कायदेशीर सूट आहे, पण अरुंद आहे. फॉर्म ४०२९ हा १९५० च्या अखेरीपासून सलग अस्तित्वात असलेल्या, विम्याला धर्मतत्त्वाने विरोध करणाऱ्या आणि आपल्या माणसांना स्वतः सांभाळणाऱ्या पंथांच्या सदस्यांसाठी आहे. प्रत्यक्षात ते आमिश आणि काही मेनोनाइट. फॉर्म ४३६१ धर्मगुरूंसाठी. काही राज्य सरकारी नोकर वेगळ्या पेन्शन योजनेत असतात. एफ-१ व्हिसावरचे विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं मुक्त असतात. तुमच्या ओळखीत ओपीटीवरच्या (विद्यार्थी व्हिसावर मिळणाऱ्या तात्पुरत्या नोकरीच्या परवानगीवरच्या) कोणाचे हे ७.६५ टक्के कंपनीने चुकून कापले असतील, तर आधी कंपनीकडे मागावेत, तिने नकार दिला तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ ने आयआरएसकडे. साधारण तीन वर्षांच्या आत हे करावं लागतं. जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडा यांच्याशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत, अमेरिकेशी नाही. दहा वर्षं पुरी होण्याआधी परतणाऱ्या आपल्या माणसांचे पैसे इथे अडकतात, आणि त्यांची ही तक्रार अगदी खरी आहे.

तुमची मात्र ती अडचण नाही. निवृत्तिवेतनाला ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. २०२६ मध्ये एका क्रेडिटला १,८९० डॉलर कमाई पुरते. २०११ पासून सलग काम म्हणजे तुमचे ४० कधीच पुरे झाले आहेत. रक्कम सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांच्या सरासरीवर ठरते आणि कमी पडलेली वर्षं शून्य धरली जातात, पण सरासरीच्या पहिल्या टप्प्यावर ९० टक्के आणि पुढच्या टप्प्यांवर ३२ व १५ टक्के मिळतात. त्यामुळे १५-२० वर्षांच्या नोकरीवरही हाती पडणारी रक्कम क्षुल्लक नसते.

४० क्रेडिट असलेल्या भारतीय नागरिकाला पुण्यात राहूनही हे पेन्शन मिळतं. कार्ड सोडून अनिवासी झालात तर ८५ टक्के रकमेवर ३० टक्के, म्हणजे एकूण २५.५ टक्के अमेरिकेत कापले जातात, आणि दोन देशांच्या कर करारानुसार त्या रकमेवर भारतात पुन्हा कर नाही. मेडिकेअर मात्र भारतातल्या उपचारांचा खर्च देत नाही, तेव्हा परतण्याचा हिशेब मांडताना आरोग्य विम्याची रक्कम वेगळी धरा. सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर खातं उघडून आपलं स्टेटमेंट काढा आणि २०११ पासूनच्या प्रत्येक वर्षाची कमाई डब्ल्यू-२ शी ताडून पाहा. एखादं वर्ष गळलेलं असेल तर ते दुरुस्त करायला साधारण तीन वर्षं, तीन महिने आणि पंधरा दिवसांची मर्यादा असते. त्यानंतर काही ठरावीक अपवादांतच दुरुस्ती होते.