उत्तर दिशा छताकडे नसते

तिसरी-चौथीच्या मुलांना भूगोलाच्या व्याख्या तोंडपाठ होतात, पण नकाशा पुढे आला की ती गोंधळतात, मग शिकवावं कसं, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना शिकवतोय. माझं पहिलं सांगणं : नकाशा भिंतीवरून खाली उतरवा.

एकदा वर्गात मी विचारलं, "उत्तर कुठे?" अर्ध्या वर्गाने छताकडे बोट दाखवलं. (एकाने "कसलं उत्तर, सर?" असंही विचारलं, तो भाग वेगळा.) चूक मुलांची नव्हतीच. नकाशात उत्तर वर असते, हे मीच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. तेव्हापासून मी नकाशा जमिनीवर पसरतो आणि त्यातली उत्तर खऱ्या उत्तरेकडे येईल असा फिरवतो. काही मुलांना अक्षरं उलटी दिसतात. दिसू द्या.

खरी उत्तर शोधायचं कामही मुलांनाच द्या. पटांगणात एक काठी सरळ रोवायची आणि साडेअकरा ते दीड दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. सर्वांत आखूड सावली जिथे पडेल ती रेघ उत्तर-दक्षिण. ती नेमकी बाराच्या ठोक्याला पडत नाही, हे कुणाच्या तरी लक्षात येतंच. घड्याळ साऱ्या देशाचं एक असलं तरी सूर्याची दुपार गावागणिक वेगळी असते, एका रेखांशाला 4 मिनिटांचा फरक पडतो. हे लगेच सांगून टाकू नका, दोन दिवस त्यांना डोकं खाजवू द्या.

मग वर्गाचा नकाशा. पहिल्या खेपेला बाकांना चार पाय येतात आणि बाईंना नाक-डोळे. कारण वरून पाहणं मुलांना सवयीचं नसतं. पाण्याची बाटली जमिनीवर ठेवा आणि एकेकाला स्टुलावर चढून बरोबर वरून बघायला लावा. बाटलीचा गोल झालेला दिसला की पुढचं सोपं जातं. नंतर चौकटीच्या वहीत एक पाऊल म्हणजे एक घर. उंच मुलाची खोली लहान येते, बुटक्याची मोठी, आणि भांडण जुंपतं. 'प्रमाण' हा शब्द फळ्यावर लिहायची वेळ ती. आधी नाही.

पृथ्वीगोल वर्गात हवाच, लहान असला तरी चालेल. जगाच्या अनेक सपाट नकाशांत ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळजवळ 14 पट आहे. संत्र्याची साल न फाडता सपाट करून दाखवा म्हटलं की असं का होतं ते मुलांना आपोआप उमगतं.

परिवलन आणि परिभ्रमण हे जुळे शब्द मुलांना हमखास चकवतात. मी सुरुवातीला 'गिरकी' आणि 'फेरी' एवढंच म्हणतो. पुस्तकातली नावं महिनाभराने आली तरी बिघडत नाही. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते, हे मात्र कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा : ती सूर्याला सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला. ऋतू होतात ते आस कललेला असल्यामुळे, 23.5 अंशांनी.

राजधान्यांच्या याद्या परीक्षेपुरत्या करून घ्या, त्यावर मी फार वेळ घालवत नाही.

नदीचा धडा मी मोठ्या पावसाची वाट बघत मागे ठेवतो. सर थांबली की पटांगणात ओघळांना ओघळ मिळतात, वळणाच्या बाहेरच्या काठाची माती खरवडली जाते, आतल्या बाजूला वाळू साठते, आणि डबक्याच्या तोंडाशी गाळाचा छोटा त्रिभुज प्रदेशही तयार होतो. वेळापत्रकात तेव्हा गणिताचा तास असेल तर त्या बाईंकडून मागून घ्या. ऊन पडलं की तासाभरात नदी आटते.